बाजाराच्या दिवशी अठरा

अमरावती
१४ फेब्रुवारी २०२५

जीवनदादा,

तू माझा नंबर बंद केला आहेस. सात तारखेपासून अकरा वेळा लावला. अकराही वेळा एक रिंग वाजून कटला. म्हणून पत्र. रजिस्टर्ड पाठवते आहे. घेतलं नाहीस तर परत येईल, तेवढं तरी कळेल.

हे माफीचं पत्र नाही. सहा तारखेला जे बोलले ते मला शब्दशः आठवतं. तू म्हणालास, "आचल, तुयं गेज एकदा तपासून पाह्य." मी म्हणाले, "गेज बरोबर आहे. उपकरण खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. तुमच्याकडे चोरी होत असेल." तू फोन स्पीकरवर ठेवला होतास, पाणीवापर संस्थेचं ऑफिस भरलेलं होतं आणि संस्थेचा अध्यक्ष तू आहेस, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. म्हणजे अध्यक्ष आहेस हे माहीत होतं, बाकीचं नव्हतं. पण माहीत असतं तरी वाक्य बदललं असतं असं नाही.

कारणं देते. कालव्यातून गावाकडे येणाऱ्या चारीच्या तोंडाशी जी अरुंद कमरेची सिमेंटची मोजणी आहे, जिला गाव गेज म्हणतं, ती आमच्या कंपनीतर्फे २६ नोव्हेंबरला मी बसवली. पाणी सुटल्यावर ४ डिसेंबरला सकाळी सात वाजता मी ती स्वतः तपासली. गेजच्या पट्टीवर पाण्याची उंची अठरा सेंटिमीटर. प्रवाहमापकानं मोजलं तर सेकंदाला साठ लिटर. माझ्या तक्त्यात अठराला साठच आहे. प्रमाणपत्रावर माझी सही आहे.

आता नोंदवही. रब्बीचा तुमचा कोटा दोन लाख ऐंशी हजार घनमीटर. कालवा सुटण्याच्या दोन पाळ्यांत त्यातलं दोन लाख सत्याहत्तर हजार नोंदीवर संपलं. म्हणून ८ फेब्रुवारीची तिसरी पाळी सुटली नाही. कालव्यानं पाणी दिलं, शेतात पोचलं नाही, तर ते मधे कुठेतरी गेलं. दुसरा अर्थ मला दिसत नाही.

हे पाणी मोजून घ्यायचं मीच तुम्हाला दोन वर्षं पटवलं, हेही मी विसरलेले नाही. आधी पाणीमागणीच्या अर्जावर पीक लिहायचं आणि एकरावर पाणीपट्टी भरायची. अर्धं धामणखेड हरभरा लिहायचं आणि गहू भिजवायचं. एकदा पट्टी भरली की पाणी कितीही घ्या, दर तोच. म्हणून वरच्या वावरात गुडघाभर साचायचं आणि शेवटच्या चारीवर, म्हणजे आपल्याकडे, चिखलसुद्धा यायचा नाही. मी म्हणाले होते, घनमीटरनं विकत घ्या, माणूस पीक बदलेल. आणि तुम्ही बदललंत. गहू निम्म्यावर आला, हरभरा तुषारवर गेला, भगवंतकाकांनी जन्मात पहिल्यांदा सरीआड पाणी दिलं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. फक्त पाणी कमी पडलं.

शेवटच्या चारीवरच्या पाळीचे तास एकदा तपासून कळव. कुणी किती वेळ चारीच्या दाराची फळी उघडली, तारखेनिशी.

इथे सगळं ठीक आहे. खोलीतल्या नळाखाली बादली किती सेकंदांत भरते ते मी आज चार वेळा मोजलं. काही कारण नव्हतं.

आचल

•

बडनेरा स्टेशन
१९ फेब्रुवारी

दादा,

पहिलं पत्र तुला मिळालं. पोचपावतीवर तुझी सही आहे. उत्तर नाही.

अकोल्याला कामाला निघाले आहे, गाडीला चाळीस मिनिटं उशीर आहे. बाकावर बसवत नाही म्हणून उभ्यानं, चहाच्या टपरीच्या फळीवर वही ठेवून लिहिते आहे. अक्षर तसं आलं आहे.

संस्थेचे वाचन घेणारे नत्थुजी रोज पट्टीचं वाचन व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. दोन पाळ्यांचे छत्तीस दिवस, छत्तीस फोटो. काल मी ते सगळे क्रमानं लावले. तीस दिवस पट्टीवर चोवीस आहे. सहा दिवस अठरा. मधलं काहीच नाही. एकोणीस नाही, बावीस नाही.

अठराच्या तारखा अशा: ६ डिसेंबर, १३ डिसेंबर, १० जानेवारी, १४ जानेवारी, १७ जानेवारी, २४ जानेवारी. एक सोडली तर सगळे शुक्रवार.

शुक्रवारी वरचं गेट कोण खाली करतं? एवढंच सांग. चौकीदाराची सुट्टी असते का? शुक्रवार सोडून बाकी दिवस वरून जादा पाणी सुटत असेल तर नोंद खरी आहे आणि पाणी खरंच कुणीतरी घेतलं. मला वाटतं असंच असावं.

एक गोष्ट लिहून ठेवते. चोवीसचे फोटो मला रोज येत होते. मी स्वतः मोजलं तेव्हा अठरा होतं. मी तीस दिवसांत एकदाही विचारलं नाही की हे सहा सेंटिमीटर आले कुठून. दिवसाला दोन वाचनं सांगितली होती, एकच येत होतं, तेही विचारलं नाही. अंगठा दाखवून मोकळी व्हायचे.

आरतीवहिनीचा एक मेसेज आला होता. "यायनं कांद्याले विहिरीचं पानी देलं." बाकी काही नाही. दादा, ती विहीर खारी आहे. कांद्याला तर ते चालतच नाही. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग का दिलंस?

गाडी लागली.

आचल

•

धामणखेड
ता. २२

आचल,

तुयी दोन पत्रं भेटली. पोस्टमन म्हने सही कर, केली.

शुक्रवारी गेट कोनी खाली करत नाई. चौकीदार तर हप्ता हप्ता दिसत नाई. मले तुया कोड्यासाठी टाइम नाई.

तू चोरी म्हनलं. बरं. मंग पानी कोनाच्या वावरात गेलं ते बी सांगून दे. शेवटच्या चारीवर वावर कोनाचं? मायं. अध्यक्ष कोन? मी. कांद्याचं बी कोनं लावलं, ज्याले फेब्रुवारीत पानी लागते? मीच. तुले मालूम हाय का, तू फोनवर बोल्ली त्याच्या दुसऱ्या दिवशी भगवंतकाका चौकात काय म्हने? "अध्यक्षानंच पानी पेलं, बहीनच सांगून राहिली." लोक हासले. मी बी हासलो. घरी येऊन जेवलो नाई.

तास तपासले. मी माया पाळीच्या वर एक घंटा पानी घेतलं नाई. ते कोनाले दाखवू?

विहिरीचं पानी काहून देलं म्हनतं. कांद्याचे गोंडे माना टाकून राहिले होते. रोज सकाळी पाहाले जाओ अन् वापस येओ. बाराव्या तारखेले मोटर चालू केली. मालूम होतं. हात राह्यला नाई. आता पात जळाली अन् वाफ्यावर पांढरं फुटलं. त्या एक एकरात दोन-तीन वर्षं काई होईन असं वाटत नाई.

गहू सोड, कमी पान्यात जास्त पैसा देनारं पीक घे, कांद्याचं बी लाव, हे तूच सांगतलं. तुले विचारून पेरलं हेच चुकलं.

नऊ मार्चले आमसभा हाय. मले काढतीन. काढू दे, मले त्या खुर्चीची हौस नाई. पन चोर म्हनून काढतीन, ते मले नाई सहन होत. आपल्या बापानं तीस वर्षं शेवटच्या चारीवर काढले, कोनाची फळी नाई उघडली.

आता लिहू नोको.

जीवन

आई बाजूले बसली, लिही म्हनते: पुढची पाळी कधी सुटते ते आचलले इचार. विहिरीच्या पान्यात साबनाले फेस नाई, कपडे पिवळे पडले. मायी गोधडी तशीच हाय. शेवटच्या शुक्रवारी धुवाले नेनार होती पन बाजार होता, राहून गेली. त्याच्या आंधी संक्रांत आली, बायाईचं वान. आता धू म्हनलं त पानीच नाई.

•

अकोला
२५ फेब्रुवारी

दादा,

लिहू नको म्हणालास, तरी लिहिते आहे.

आईचं वाक्य मी प्रयोगशाळेत उभी राहून वाचलं. गोधडी शुक्रवारी राहिली, कारण बाजार होता. त्याआधी राहिली, कारण संक्रांत होती. चौदा जानेवारी मंगळवार होता. सहा तारखांमधली तीच एक शुक्रवार नव्हती.

आता मी जे लिहिते ते नीट वाच, आणि शक्य असेल तर दोनदा वाच.

धामणखेडच्या विहिरी खाऱ्या. कालवा सुटला की गावातल्या बाया रोज चारीवर धुणं नेतात, कारण गोडं पाणी तेवढंच. त्या चारीत आडवे दगड मांडतात, म्हणजे पाणी वीतभर चढतं आणि बुचकळता येतं. दिवसभर धुतात. संध्याकाळी दगड उचलून काठावर ठेवतात, कारण रात्री पाळीवाल्यांनी शिव्या घालू नयेत.

ते दगड आपल्या गेजच्या खाली, वीस-पंचवीस पावलांवर पडतात.

गेज फक्त एका अटीवर खरं बोलतं: त्याच्या खालचं पाणी मोकळं पळालं पाहिजे. खाली तुंबलं की वरच्या पट्टीवर पातळी चढते. पाणी तेवढंच असतं, साठ लिटर. पण पट्टी अठराऐवजी चोवीस दाखवते, आणि चोवीसला माझा तक्ता म्हणतो पंच्याण्णव. दीडपटीहून जास्त. दिवसाचा एकच फोटो, तो धुण्याच्या वेळेतला असणार, आणि नोंदवहीत तोच आकडा चोवीस तासांना लागतो. बाजाराच्या दिवशी धुणं नसतं. म्हणून बाजाराच्या दिवशी अठरा.

मी आकडेमोड तीन वेळा केली, एकदा मागून पुढे. दोन पाळ्यांत तुम्हाला खरं मिळालं ते सुमारे एक लाख सत्याऐंशी हजार घनमीटर. नोंदीवर चढलं ते दोन लाख सत्याहत्तर हजार. फरक नव्वद हजार. साठ लिटरच्या हिशेबानं साडेसतरा दिवसांचं पाणी.

एक पाळी अठरा दिवसांची असते.

तुमची तिसरी पाळी कुणी चोरली नाही. ती वरच, धरणात आहे.

हे अजून कुणाला सांगू नकोस. अजून सिद्ध झालेलं नाही. कालवा कोरडा आहे, मोजून दाखवता येत नाही. मी बघून येते.

आचल

•

अमरावती
२८ फेब्रुवारी

दादा,

मी काल गावात येऊन गेले. तू बियाणे कंपनीच्या माणसाला भेटायला अकोटला गेला होतास. तो दिवस मी मुद्दाम निवडला, वहिनीला विचारून. तिला रागावू नकोस.

घरी गेले नाही. फाट्यावरून सरळ चारीवर गेले. नत्थुजींना आधी फोन केला होता, ते टोपी काढून गेजजवळ उभे होते, जणू मी कलेक्टर आहे. मी विचारलं, "काका, वाचन किती वाजता घेत होता?"

"जेवून आलो का घेओ. बारा, साडेबारा."

"मी कागदावर सकाळी सात आणि संध्याकाळी पाच लिहून दिलं होतं."

"देलं होतं ना, बेटा. पन सकाळी मायी बकरी राहते, अन् संध्याकाळी डोयाले दिसत नाई ते बारीक आकडे. दुपारी कसं, ऊन पट्टीवरच पडते. झकास दिसते." मग म्हणाले, "पट्टी तर एकच हाय. सकाळी पाह्यली काय अन् दुपारी काय."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं, पण तसं का वाटू नये हे मी त्यांना कधी समजावलं नव्हतं. फक्त वेळ लिहून दिली होती.

तेवढ्यात पार्बताबाई आल्या, डोक्यावर काड्यांचा भारा. भारा खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "मनकर्णाची पोरगी ना तू? सुकल्या चारीत काय सोनं शोधून राहिली?"

"तुम्ही धुण्याचे दगड कुठे ठेवता, काकू?"

"अव्वो! इंजिनेर बाई अमरावतीहून दगड पाहाले आली." त्या जोरात हसल्या. मग बाभळीखाली बोट दाखवलं. "ते पाह्य. सात हायेत. तो मधातला, चपटा, तो तुया मायचा. तुमच्या जुन्या घराची पायरी होती ते. तू त्याच्यावरच बसत होती, लहानपनी. खाली उतर म्हनलं त रडे. इसरली?"

मी टेप काढून सातही दगड मोजले. मधला बावीस सेंटिमीटर उंच, बाकी अठरा ते वीस. पार्बताबाई टेप बघत होत्या. म्हणाल्या, "आमी काई गुन्हा केला का व? पानी त वरून जाते. आमी अडवून नाई ठेवत. पेत बी नाई." त्यांच्या आवाजात पहिल्यांदा भीती होती. मी म्हणाले, नाही काकू, गुन्हा नाही.

आता जे तुला लिहायचं टाळत आले ते.

२६ नोव्हेंबरला गेज बसवताना हे सातही दगड तिथेच, बाभळीखाली होते. मी ते पाहिले. एकावर मी माझी उपकरणांची बॅग ठेवली होती, माती लागू नये म्हणून. जागेच्या फोटोत ती बॅग दिसते, तिच्याखाली चपटा दगड दिसतो. मी तो फोटो अहवालात लावला आहे. आणि त्याच अहवालात, त्याच पानावर लिहिलं आहे: "खालच्या बाजूस अडथळा नाही. प्रवाह सर्व वेळी मुक्त." खाली माझी सही.

मला त्या दगडाचा गारवा माहीत होता, दादा. सहा वर्षं मी त्यावर बसून पाय पाण्यात सोडले आहेत. दुसऱ्या गावच्या इंजिनिअरला ते दगड म्हणजे नुसते दगड वाटले असते, त्याला सूट आहे. मला नाही. अकरा वर्षं नळाच्या गोड्या पाण्यात कपडे धुतले आणि कालवा सुटला की गावात काय होतं हे मी विसरले. मी सात वाजता मोजलं. बाया नऊला येतात. मी आठ वाजता जीपमध्ये बसून निघाले होते.

तू म्हणाला होतास, गेज एकदा तपासून पाह्य. तेवढंच करायचं होतं.

आचल

•

अमरावती
३ मार्च

दादा,

थोडक्यात लिहिते.

आज कंपनीतल्या साहेबांना सगळं दाखवलं: फोटो, तारखा, आकडेमोड. ते चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं होतं. त्यांनी खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "तुम्ही वाचनाची वेळ लेखी दिली होती ना? सात आणि पाच? मग झालं. उपकरण बरोबर, प्रमाणपत्र बरोबर. वाचन घेणाऱ्यानं वेळ पाळली नाही. तसा अहवाल द्या. कालवा विभाग पाणी परत द्यायचं बघेल, संस्था तिचा माणूस बदलेल. कुणाचंच काही बिघडत नाही."

मी म्हणाले, नत्थुजींचं बिघडतं.

"तो कोण?"

हे खोटं नाही, हीच अडचण आहे. सात वाजता वाचन घेतलं असतं तर अठरा आलं असतं. पण संध्याकाळी पाचला चोवीसच आलं असतं, दगड सहाला उचलतात. म्हणजे माझ्या लेखी वेळा पाळल्या असत्या तरी चूक निम्मी उरलीच असती. साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, एवढं खोलात कोण जातं?

साहेबांचा अहवाल मी लिहायला बसले. लिहूनही झाला, दीड पान. तांत्रिकदृष्ट्या त्यात एकही वाक्य चुकीचं नव्हतं. तो वाचला तर गावाला पाणी मिळतं, तू चोर नाहीस हे सिद्ध होतं, माझी सही शाबूत राहते. फक्त एका म्हाताऱ्या माणसाला सगळं गाव म्हणेल की तुझ्या बकरीपायी पाळी गेली. जसं तुला म्हणाले. चोराची ती जागा रिकामी राहत नाही. तू उठलास की दुसरा बसवतात. आणि दोन्ही वेळा बसवणारी मीच.

तो अहवाल सेव्ह केला आहे, पाठवलेला नाही. आज दिवसभर पाच वेळा गच्चीवर जाऊन आले. खालच्या कॉलनीत टँकरचं पाणी वाटत होते. मी ड्रम मोजत उभी राहिले.

नऊ तारखेला मी येते. तू बोलायची गरज नाही.

आचल

•

अमरावती
१२ मार्च

दादा,

सभेत तू माझ्यापासून सहा फुटांवर होतास आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्यामुळे तुला काय ऐकू आलं आणि काय नाही, मला कळलं नाही. लिहून ठेवते. इतिवृत्तात भगवंतकाकांचे शब्द कुणी घालणार नाही.

मी दुसराच अहवाल वाचला. पहिलं वाक्य असं होतं: "दिनांक २६ नोव्हेंबरच्या प्रमाणपत्रात मी प्रवाह सर्व वेळी मुक्त असल्याचं लिहिलं आहे, ते मी न तपासता लिहिलं." पुढचं सगळं आकडे आणि तारखा होत्या. शाळेच्या फळ्यावर मी गेज काढलं, खाली सात दगड काढले. बाया दाराशी उभ्या होत्या. पार्बताबाई मोठ्यानं म्हणाल्या, "मधला चपटा काढ व, तसा गोल नाई."

भगवंतकाका उठले. "आचल, तू सीधं सांग. आमाले ते सेंटिमीटर नाई समजत. पानी पेलं कोनं?"

"कोणीच नाही, काका. ते आलंच नव्हतं."

"म्हंजे? आमी न आलेल्या पान्याची पट्टी भरली?"

"हो."

"अन् तू म्हने उपकरन खोटं बोलत नाई."

"म्हणाले होते. माझं चुकलं."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मग नत्थुजी भिंतीला धरून उठले. त्यांचं नाव मी घेतलं नव्हतं. म्हणाले, "पोरीनं मले सात वाजता पाह्य म्हनलं होतं. म्या दुपारी पाह्यलं. हे बी लिहा." आणि खाली बसले. टोपी मांडीवर होती.

भगवंतकाका उभेच होते. तुझ्याकडे वळले, बोलले मात्र फळ्याकडे बघून. "जीवन, म्या चौकात जे बोल्लो ते... आता इथंच सगळ्याईसमोर वापस घेतो. चौकात बी घेईन." तू फक्त मान हलवलीस. मग राजीनाम्याचा कागद खिशातून काढलास आणि परत खिशात ठेवलास. मी तो कागद पाहिला. घडीवरून कळत होतं, तो बरेच दिवस खिशात होता.

बाहेर येऊन मी बसपर्यंत चालत गेले. आई मागून आली, हातात गोधडी. "ने म्हनलं, तुयाकडे गोडं पानी हाय." ती आता इथे दोरीवर वाळते आहे. तीन वेळा पाणी बदलावं लागलं.

कालवा विभागानं पंधरा मार्चपासून बारा दिवस पाणी द्यायचं तोंडी कबूल केलं आहे. लेखी अजून नाही. लेखी होईपर्यंत मी रोज फोन करते आहे. तुझ्या कांद्याला ते उपयोगाचं नाही, हे मला माहीत आहे. त्या एकराचं मी काही लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

नोकरीचं वहिनीनं विचारलं होतं. या महिन्यात कायम करणार होते. फाईल थांबली आहे. एवढंच.

काल संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. नत्थुजींचा फोन नव्हता, वहिनीचाही नव्हता. "पानी येऊन राहिलं म्हने. तीन एकर रिकामं हाय. काय पेरू?"

उत्तराच्या विचारात मी सगळी रात्र घालवली नाही, पण सकाळ घालवली. गेल्या वर्षी असतं तर दहा मिनिटांत उत्तर दिलं असतं: अमुक पीक, एवढं पाणी, घनमीटरमागे एवढं उत्पन्न. तो तक्ता अजून आहे माझ्याकडे. चांगला तक्ता आहे. पाणी नीट मोजलं असतं तर त्यानं तुला फसवलं नसतं.

पीक मी सांगणार नाही. तीळ, मूग, की जमीन तशीच ठेवायची, हे तू ठरव; माती तू रोज बघतोस. मी पाणी सांगते.

दगड गेजच्या खाली राहणार नाहीत. पार्बताबाईंशी बोलणं झालं आहे: धुण्याची जागा वर, कालव्याकडे जाते, गेजपासून साठ मीटर. नेहमीसाठी पक्की फरशी लागेल, तेवढी संस्थेनं द्यावी. फरशी होईपर्यंत मधला चपटा दगड तूच उचलून वर नेऊन ठेव. तो एका बाईला उचलत नाही आणि आई ऐकणार नाही. शिवाय खालच्या बाजूला मी दुसरी पट्टी बसवून देते, पाणी सुटल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी, २१ तारखेला. दोन पट्ट्या वाचल्या की खाली तुंबलं आहे की नाही ते कळतं. आकडे मोठे रंगवून आणते. नत्थुजींना दुपारीसुद्धा पाहू दे.

एवढं झालं की चारीला सेकंदाला साठ लिटर, आणि त्यात तीन लिटर इकडे किंवा तिकडे.

ते तीन मी आजपर्यंत तुला कधी सांगितले नव्हते. तक्त्यात ते पहिल्यापासून होते, शेवटच्या रकान्यात. मला वाटायचं, शेतकऱ्याला त्याची गरज नाही. पेरताना ते धरून चाल.

त्या शुक्रवारी बाजार आहे, चारीवर कुणी नसेल. मी सातला पोचते आणि संध्याकाळी सहापर्यंत थांबते.

आचल